ऑलिव्ह अंड्यांसाठी कोंबडा निवडताना

मार्च उजाडला की आमच्याकडे (नॉर्थ कॅरोलिना, रॅलेच्या बाहेर, जिथे कोंबडा पाळायला बंदी नाही) माझ्या डोक्यात एकच विषय असतो, यंदा कुठला कोंबडा ठेवायचा आणि कुठल्या कोंबड्यांसोबत सोडायचा. आई फोनवर म्हणते, अगं अंड्यांचा रंग हवाय ना मग कोंबड्या नीट बघ, कोंबड्याचं काय एवढं. पण खरी गोम कोंबड्यातच आहे. अंड्याच्या रंगाचे जीन्स पिल्लाला आईकडून येतात तसे बापाकडूनही येतात, आणि बाप जन्मात एक अंडं देत नाही. पिसांचं बरं असतं, काळा तर काळा, राखाडी तर राखाडी, समोर दिसतं. अंड्याचा रंग मात्र कोंबड्याच्या अंगावर कुठेच लिहिलेला नसतो.

आधी रंग येतो कुठून ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कवच मुळात पांढरंच, कॅल्शियम कार्बोनेटचं. निळा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्याचा, तो कवच तयार होत असतानाच त्यात मुरत जातो, म्हणून निळं अंडं फोडलं की आतूनही निळं दिसतं. तपकिरी रंग वेगळा, प्रोटोपॉर्फिरिनचा, आणि तो बराचसा शेवटच्या काही तासांत वरून चढतो. आमच्या मारान जातीच्या कोंबडीचं गडद चॉकलेटी अंडं फोडून आतून बघा, पांढरट असतं. ताजं, अजून ओलसर असलेलं अंडं हातात आलं आणि बोट घासलं गेलं तर रंग चक्क पुसला जातो, ओरखडा राहतो कायमचा. आता या दोन गोष्टी एकावर एक आल्या, म्हणजे आतून निळं कवच आणि वरून तपकिरी थर, की मिळतं ऑलिव्ह, आपल्या मेहंदीच्या वाटलेल्या पानांसारखं हिरवं. मी गेली काही वर्षं याच रंगाच्या मागे आहे.

निळ्याचं गणित सोपं आहे, एकच जीन, आणि तो प्रभावी, म्हणजे एका बाजूने आला तरी पुरे. हे सिद्ध केलं रेजिनाल्ड पनेट यांनी, 1933 साली. हो हो तेच, बारावीच्या बायोलॉजीत ज्यांचा चौकोन आपण सगळ्यांनी घोटलाय ते! आपल्याला चौकोनात वाटाण्याची झाडं भरायला लावली पण या माणसाने आयुष्याचा मोठा भाग केंब्रिजमध्ये कोंबड्यांवर काम करण्यात घालवला, हे शाळेत कोणी सांगितलं असतं तर मला विषय आणखी आवडला असता. मूळ निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या दक्षिण अमेरिकेतल्या, चिलीतल्या मापुचे लोकांकडच्या. आणि 2013 मध्ये शास्त्रज्ञांना कारण सापडलं ते तर भन्नाटच आहे. फार पूर्वी एका रेट्रोव्हायरसचा (विषाणूचा एक प्रकार) तुकडा कोंबडीच्या डीएनएमध्ये एका ठरावीक जीनजवळ जाऊन बसला आणि त्यामुळे कवच निळं व्हायला लागलं. चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या जातींमध्येही असंच झालंय पण तुकडा बसल्याची जागा थोडी वेगळी आहे, म्हणजे चिलीत आणि चीनमध्ये हे स्वतंत्रपणे घडलं.

तपकिरीचं गणित मात्र अवघड. तिथे एक जीन नाही, बरेच आहेत, थोडं थोडं सगळे मिळून ठरवतात, त्यामुळे "गडद आहे की नाही" असा प्रश्नच नसतो, किती गडद हाच प्रश्न. मारानवाल्यांचा एक रंगांचा तक्ता असतो 1 ते 9 आकड्यांचा, 4 च्या खाली गेलं तर ते मारानचं अंडं म्हणून धरतच नाहीत. शिवाय तीच कोंबडी सुरुवातीला गडद अंडी देते आणि हंगाम पुढे सरकत जातो तसा रंग फिका होत जातो, मग पिसं झडून नवी आली, थोडी विश्रांती झाली की परत गडद. म्हणून कोणी मला पहिल्या आठवड्यातल्या अंड्याचा फोटो दाखवून कोंबडा विकायला लागलं की मी विचारते, याच्या आईची ऑगस्टमधली अंडी कशी होती? मला तेच बघायचं असतं.

मग कोंबड्यात दडलेला निळा ओळखायचा कसा, तर इथे एक फार सुंदर खूण आहे, तुरा! निळ्या अंड्याचा जीन आणि बुटक्या तुऱ्याचा, ज्याला इथे पी कोंब म्हणतात, तो जीन एकाच क्रोमोसोमवर अगदी शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा दोन्ही बरोबरच पुढे जातात. अमेरौकाना जातीत दोन्ही आहेत. अमेरौकाना आणि मारानची पिल्लं पुन्हा मारानशी लावली की साधारण निम्म्या पिल्लांना निळा मिळतो, निम्म्यांना नाही. पिल्लू इनक्युबेटरमधून काढलं, सुकलं, की मी त्याला मुठीत धरून चोचीच्या वर नखाएवढ्या जागेत उजेडात बघते. एकच पातळ उभी रेघ असेल तर साधा तुरा, म्हणजे निळा बहुतेक नाही. रुंद, दबका पट्टा आणि त्यात तीन बारीक रांगा असतील तर ते पिल्लू ठेवायचं, तलंग (अंड्यावर येणारी तरुण कोंबडी) झाली की ती बहुतेक ऑलिव्ह देणार. शंभर टक्के नाही, अधूनमधून जोडी तुटते, पण सहा-सात महिने वाट न बघता पहिल्याच दिवशी एवढं कळणं ही केवढी सोय आहे. (क्रीम लेगबार जातीत ही खूण चालत नाही बरं का, त्यांचा तुरा साधाच असतो आणि अंडी तरी निळी.)

पिसांबद्दल थोडक्यात. मला काळ्या-तांबूस मारानमधला राखाडी हवा असतो, इथे त्यालाही ब्लूच म्हणतात. राखाडी ही शुद्ध जात होऊच शकत नाही, कारण तो जीन एक असला की काळ्याचा राखाडी होतो आणि दोन असले की पांढरट अंगावर शिंतोडे, तो स्प्लॅश. राखाडी गुणिले राखाडी केलं की चारात सरासरी एक काळं, दोन राखाडी, एक स्प्लॅश. सगळीच राखाडी पाहिजे असतील तर काळा आणि स्प्लॅश लावा, विषय संपला. लोक कळपात नुसते राखाडीच ठेवतात आणि काळे काढून टाकतात ते मला पटत नाही, काळे हाताशी असले की पुढचा रंग हातात राहतो.

गावाकडच्या मंडळींसाठी एक सांगते कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट क्रीम असतं. कातडी, मांस, हाडं काळी, अंडं नाही. आणि कवचाच्या रंगाने पौष्टिकपणा बदलत नाही, निळं असो की तपकिरी. बलक किती केशरी ते खाण्यावर असतं, मका, हिरवा पाला वगैरे.

कोंबडा बदलताना घाई करू नका. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून मी वेगळं केल्यावर तीन आठवडे अंडी खाण्यात वापरते, उबवायला ठेवत नाही. नंतर प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि कोंबडीचं नाव, पिल्लं निघायच्या वेळी प्रत्येक जोडीची वेगळी जाळीची टोपली, आणि पायात रंगीत झिप टाय, जे पिल्लं वाढतील तसे बदलत राहावे लागतात नाहीतर पायात रुततात. वहीशिवाय हे काम होत नाही, कोण कोणाचं ते तीन महिन्यांत कोणालाच आठवत नाही.

आणि निम्मी पिल्लं नर निघतात, याबद्दल लोक बोलत नाहीत. एका कळपाला एक कोंबडा पुरतो, फार तर दोन. बाकीच्यांचं काय हे अंडी उबवायला ठेवण्याआधी ठरवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे ते जातात रश्श्यात, वडे करून, आणि तोपर्यंत त्यांना तेच खाणं, तीच मोकळी जागा, तीच काळजी मिळते जी तलंगांना मिळते. ज्याला हे जमणार नाही त्याने पिल्लं विकत घ्यावीत, तलंगाच मागवाव्यात, इथे 1918 पासून एक दिवसाची पिल्लं पोस्टाने येतात, पोटातल्या बलकावर तेवढा प्रवास निभावतो.

तर यंदाचं. दोन मारान कोंबडे आहेत, एक देखणा राखाडी, छातीवर तांबूस झळाळी, बघणारा त्यालाच उचलेल. दुसरा साधा काळा, पण तो ज्या अंड्यातून निघाला ते तक्त्यावर 7 होतं आणि त्याच्या आईची अंडी उन्हाळा संपेपर्यंत 6 च्या खाली आली नाहीत, वहीत आहे सगळं. ऑलिव्ह तलंगांसोबत काळाच जाणार. राखाडीला दोन काळ्या मारान कोंबड्यांसोबत शेजारच्या खुराड्यात ठेवणार, त्याची पिल्लं पुढच्या वर्षी बघू. या रविवारी जाळी ओढून दोन्ही कळप वेगळे करतेय, एप्रिलमध्ये अंडी ठेवेन. कोणी रॅलेच्या आसपास असेल आणि उबवायची अंडी हवी असतील तर तेव्हा सांगा.