तुम्ही विचारलंत म्हणून: लॅक्सटनला मी सारखा का जातो

नॉटिंगहॅमला आमच्याकडे पाहुणा आला की मी त्याला जवळचं लॅक्सटन हे खेडं दाखवायला नेतो, आणि परतताना गाडीत प्रश्न ठरलेला: "काका, तिथं बघायचं काय होतं?" बहिणीचा टोमणा वेगळा. "स्वतःच्या गावी फिरकत नाहीस नि इंग्रजांची वावरं बघत हिंडतोस!"

एकदाच सांगतो.

बघायला वावरंच आहेत. साऊथ फील्ड, मिल फील्ड, वेस्ट फील्ड. आत प्रत्येकाच्या पट्ट्या, पण मध्ये कुंपण नाही की बांध नाही. एका वावरात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दर वर्षी पाळी फिरते. एके काळी इंग्लंडात गावोगाव असंच होतं. मग जमिनी कुंपणात गेल्या, इथल्या राहिल्या. मार्क पिअर्सनं 1635 साली काढलेला या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात दोन हजारांहून जास्त पट्ट्या आहेत. गावात जुना कोंडवाडाही आहे. हो, कोंडवाडाच, चुकार गुरांचा.

आणि पंच आहेत. नोव्हेंबरअखेरीस ते गहू पेरलेल्या वावरात उतरतात, पट्टीच्या टोकाची खुंटी हरवली असेल तर नवी ठोकतात, कुणाचा नांगर वाटेत किंवा गवताच्या काठात घुसला असेल तर टिपून घेतात. आठवड्याभरानं गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट बसतं आणि दंड होतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एक जण दिवसाढवळ्या, दहा माणसांसमोर, खुंटीवर घण घालत होता. मी गाडीत जाऊन बसलो. बायकोला वाटलं, थंडी बाधली.

मी बारावीत होतो. आमच्या आणि नानांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, रानामधला बांध दर नांगरटीला बारीक होत चालला होता. नाना कोरत होते. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आजही मी त्यावर वाद घालायला तयार आहे. सरकारी मोजणीचा खर्च नको म्हणून गावातले चार पंच जुना दगड बघून निकाल देणार होते. आदल्या रात्री आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला उठवलं. बॅटरी त्यांच्या हातात, पहार माझ्या. दगड वाटला त्यापेक्षा खोल होता. निघाला तेव्हा खाली पांढरट, वळवळणारी मुळं दिसली आणि मला उगाच शिसारी आली. दोन हात पलीकडे नवा खड्डा केला, जुना बुजवला, वर वाळलेला पाला टाकला. "त्यांनी नेलंय तेवढंच घेतोय," आप्पा म्हणाले. सकाळी निकाल आमच्या बाजूनं लागला. नाना काही बोलले नाहीत. जाताना फक्त थांबले, माझा तळहात उलटा करून बघितला, कातडं सोललेला. "काय झालं रे बाळा?"

"क्रिकेट," मी म्हणालो.

त्यानंतर दोन्ही घरांचं जाणंयेणं बंद झालं. मी शिकायला बाहेर पडलो तो पडलोच.

बरीच वर्षं मी सांगत फिरलो की आपल्याकडेही असे पंच असते तर भावबंदकी झाली नसती. खोटं. आपल्याकडे पंच होतेच, चांगले चार होते. शिवाय लॅक्सटनची बहुतेक जमीन कसणाऱ्यांची नाही. आधी अर्लची, म्हणजे इथल्या उमराव जमीनदाराची, 1952 पासून सरकारची, मग राजगादीची मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राऊन इस्टेटची, 2020 पासून थोर्सबी या खासगी इस्टेटची. कुळानं काठ कोरून काय मिळवायचं? आणि आजच्या रुंद पट्ट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्लनंच एकत्र करून दिलेल्या. नानांना कुणी असा मालक दिला नव्हता, आप्पांनाही नाही. तरीही खुंटी ठोकताना सगळे बघत असतात हे मला खटकतं. की आवडतं? दर नोव्हेंबरला जाऊन तेच बघतो.

आणखी एक गंमत: साऱ्यासाठी एकेक शेत मोजायची सरकारी पद्धत बसवताना गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी 1830 च्या दशकात पहिल्यांदा आमच्याच इंदापूर तालुक्यात उतरले होते.

गेल्या महिन्यात नानांच्या मुलाचा फोन आला. वाटणीआधी सरकारी मोजणी करायची म्हणतो. "दादा, शेजारी म्हणून नोटीस तुझ्या नावानं निघेल. येशील ना?" मी तारीख विचारली. दगडाचं बोललो नाही. त्यानंही काढलं नाही.