ध्रुवीय समुद्रावर म्युऑन मोजणी : पेटी जुळली, आता दाब आणि थंडी

स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या उत्तरेची आर्क्टिक बेटं) उन्हाळी फेरीसाठीची म्युऑन मोजायची पेटी जुळली आहे. म्युऑन म्हणजे अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळून तयार होणारे कण. 5×5×1 सेंमीचे दोन प्लास्टिक सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे तुकडे), एकावर एक, प्रत्येकावर 6 मिमीचा एसआयपीएम (ती चमक टिपणारा प्रकाश-सेन्सर), दोघांत 5 सेंमी अंतर. दोन्हींत एकाच क्षणी सिग्नल आला तरच नोंद. समुद्रसपाटीला चौरस सेंमीवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे वरच्या तुकड्यावर 25, आणि दोन्हींतून जाणारे त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. एक टक्का अचूकतेला 10,000 नोंदी हव्यात, त्याला दिवसाहून जास्त लागतो. तोवर जहाज कुठल्या कुठे गेलेलं असतं, पण इथे ते खपतं.

कारण तिथे अक्षांशाने आकडा हलतच नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ क्ले यांना 1927 मध्ये जावा-हॉलंड प्रवासात विषुववृत्ताकडे वैश्विक किरणांत घट दिसली. 1930 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बोथे आणि कोल्हर्स्टर स्वालबार्डच्याच स्पिट्सबर्गन बेटापर्यंत गेले, त्यांना फरक सापडला नाही. दोन्ही बरोबर. उत्तरेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अडसर सैल होऊन कमी ऊर्जेचे कण आत येतात, पण त्यांचे म्युऑन खालपर्यंत टिकत नाहीत. 2018 मध्ये 'नानुक' ही शिडाची बोट डिटेक्टर घेऊन 82 अंश उत्तर अक्षांशापलीकडे गेली, तेव्हाही दर सपाटच राहिला. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या आकड्याहून तिथला दर 10 ते 15 टक्के जास्त यावा. तिथल्या तिथे फिरताना मात्र आकडा हलला, तर दोष हवेचा नाहीतर पेटीचा.

हवेचा हिशेब सोपा. हवेचा दाब 1 एचपीए (हेक्टोपास्कल, म्हणजे मिलिबार) वाढला की म्युऑन 0.1 ते 0.2 टक्के घटतात. 40 एचपीएचं वादळ म्हणजे 4 ते 8 टक्के! दाबाचा हा गुणांक उधार घेऊ नका, आपल्याच नोंदींतून काढा. आणि दाबाचा सेन्सर हवाबंद पेटीत ठेवू नका, तो पेटीतलाच दाब सांगत बसतो. बारीक नळी बाहेर काढा.

थंडीचं प्रकरण फसवं आहे. तापमान उतरलं की या एसआयपीएमचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो सिग्नल देऊ लागतो) अंशाला 21.5 मिलिव्होल्टने उतरतो. बायस (त्याला दिलेला व्होल्टेज) तोच ठेवला तर 40 अंशांच्या घसरणीत ओव्हरव्होल्टेज (ब्रेकडाउनच्या वरचा भाग) 0.86 व्होल्टने वाढतं, गेन (सिग्नलची वाढ) चढतो आणि एरवी थ्रेशोल्डखाली, म्हणजे मोजणीच्या किमान पातळीखाली, राहणारे सिग्नलही मोजले जातात. डार्क काउंट (प्रकाश नसतानाही येणारे खोटे सिग्नल) घटतो म्हणून थंडी चांगली, असं समजणारे इथेच अडकतात. थर्मोकोलच्या पेटीत छोटा रेझिस्टर-हीटर लावून 15 अंश धरणं बायस बदलत बसण्यापेक्षा बरं. लिथियम सेल शून्याखाली चार्ज करू नका.

प्रकाशगळती निघण्याआधीच तपासा: अंधाऱ्या खोलीत प्रत्येक सांध्यावर टॉर्च मारा आणि एकेका तुकड्याचा सुटा दर बघा. तिथे उन्हाळ्यात रात्रच नसते, त्यामुळे दिवस-रात्रीच्या फरकावरून गळती कळणार नाही.

पुढचं काम : हीटर चालू ठेवून फ्रीझरमध्ये चाचणी.