दोन झाकणं

ती तिसऱ्यांदा आली तेव्हाही तक्रार तीच होती. "मॅडम, लघवीला आग होते." वय 49, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. लघवीचे आधीचे दोन्ही रिपोर्ट स्वच्छ होते, तरी दोन्ही खेपेला मी जंतुसंसर्ग धरून गोळ्या दिल्या होत्या. त्या दिवशी बाजार, ओपीडी भरलेली. तरी सुनेला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "आग रोज होते, की मालकांशी संबंध आल्यावर?"

बराच वेळ ती पदराच्या टोकाला पीळ देत राहिली. "त्याच्यानंतरच. दोन-तीन दिवस नीट बसवत नाही."

"मग काय करता?"

"जखम धुवायचं औषध गरम पाण्यात टाकून आतपर्यंत धुते. दोन झाकणं." चिमटीत झाकण धरल्यासारखं करून तिनं माप दाखवलं.

योनी आतून बघायचा सगळ्यात लहान स्पेक्युलम घेतला, भरपूर जेली लावली. आतलं अस्तर फिकट, पातळ, घड्या सपाट झालेल्या. नुसत्या स्पर्शानं लाल ठिपके उठत होते. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी 6 दाखवत होती. पाळीच्या वयात हा आकडा 3.8 ते 4.5 असतो; तो चढला म्हणजे आम्लता घटली. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की अस्तर विरतं, ओलावा जातो, आम्लता राखणारे चांगले जिवाणूही कमी होतात. अशा नाजूक जागी घर्षण, आणि वर ते औषध! (अंगावर पाजणाऱ्या कोवळ्या आईलाही असाच कोरडेपणा येतो, तिला तर टाक्यांचं दुखणंच समजून गप्प बसवतात.)

"कॅन्सर नाही ना?" हे तिनं कपडे सावरताना विचारलं. इतके महिने ती हेच मनात घेऊन फिरत होती. संबंधानंतर रक्त जात नव्हतं. गेलं असतं तर सोनोग्राफीसह पुढचा तपास तातडीनं करावा लागला असता. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप स्मिअर तपासणी कधीच झाली नव्हती, ती घेतली. नॉर्मल आली.

धुणं बंद, साबणही बाहेरच. स्तनाचा कॅन्सर कधी झाला नव्हता याची खात्री करून इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं: दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम योनीत, मग आठवड्यातून दोनदा. संबंधाच्या वेळी पाण्यात विरघळणारी जेली. आणि दुखणं थांबेपर्यंत संबंध नको. यावर ती म्हणाली, "हे तुम्हीच सांगा त्यांना."

पुढच्या आठवड्यात ते तिच्याबरोबर आले. टोपी मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत ऐकत होते. मी थांबले तसे हळूच म्हणाले, "मला वाटलं, तिला मीच नकोसा झालो." ती चटकन त्यांच्याकडे वळली. दोन वर्षांत दोघं याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.

सहा आठवड्यांनी ती एकटीच आली. आग गेली होती, पट्टी 5 च्या खाली उतरली होती. क्रीम मात्र चालू ठेवायचं, बंद केलं तर त्रास परततो, हे मी तिला दोनदा सांगितलं.