दोन किलोची नात आणि पाचवार कापड

१० डिसेंबर

"शर्ट काढा, काका," असं सिस्टर म्हणाल्या तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

लेकीला टाके, वर ताप. जावई पुण्याहून निघालेत, पोचायला रात्र होणार. हिला सकाळपासून खोकला, त्यामुळे आत जायची बंदी. उरलो मी. नात परवा झाली, दिवस भरायला चार आठवडे बाकी असताना. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. पायाळू, म्हणून सिझेरियन. आमची आत्या असती तर म्हणाली असती, चला, आता घरात कुणाच्या पाठीत उसण भरली की पोरीचा पाय लावायचा, वैद्य नको.

सिस्टरनी तिच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे ठेवले आणि माझ्या उघड्या छातीवर तिला उभी धरली. पाय दोन्हीकडे दुमडलेले, बेडकासारखे. मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी जराशी उचललेली. वरून मऊ कापडाचा पट्टा, त्याची कड बरोबर तिच्या कानाच्या पाळीखाली. "नाक सतत दिसलं पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दुमडते, आणि मग या बाळांना रडताही येत नाही." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं मी गिऱ्हाइकाला 'रंग जाईल, वेगळं धुवा' सांगायचो. पुढचे दोन तास मी त्या नाकावरून नजर हलवली नाही.

याला कांगारू म्हणतात. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी विचारलं, हे कुठून निघालं? म्हणाले, १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या हॉस्पिटलात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तेव्हा एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, अशा बाळांना दिवसाचे किमान आठ तास असं घ्या. आई दमली की बाप, आजी, जो असेल तो.

दोन तासांनी थर्मामीटर लावला. ३६.४ वरून ३६.९. हिला फोन करून हा आकडा तीनदा सांगितला.

२० डिसेंबर

काल बारसं झालं. रेवा.

दुकान सुटून चार वर्षं झाली, पण कापडाच्या बाबतीत घरात अजून माझाच शब्द शेवटचा. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटात, कापडबाजारात, अडतीस वर्षं शेठजींच्या गादीसमोर उभं राहून काढली, ती काय उगाच? लेक मोबाइलवर चेनवाली तयार दुपटी मागवत होती. म्हटलं, थांब. सकाळी जाऊन मलमल आणली, चव्वेचाळीस इंची पन्हा. पन्ह्याइतकीच लांबी घेतली की चौकोनी दुपटं होतं. काठाला कात्रीची चीर दिली आणि टर्रकन फाडलं. आम्ही असंच करतो. कात्री वाकडी जाते, फाडलेलं कापड सुताच्या रेषेतच जातं.

त्या आवाजासरशी पाळण्यात रेवाचे दोन्ही हात हवेत, बोटं फाकलेली, जणू झाडावरून पडतेय. मग टाहो. लेक ओरडली, "बाबा!"

हे दचकणं पहिले तीन-चार महिने असतंच म्हणे. झोपेतही दचकतात आणि स्वतःच्याच हातांनी जागी होतात. हात अंगाशी असले की झोप टिकते. मी आयुष्यभर समजत होतो की बाळाला थंडीसाठी गुंडाळतात.

मालिशवाल्या अम्मा रोज नऊला येतात. मालीश, आंघोळ, धुरी, सगळं झालं की रेवाचे पाय धरून सरळ करतात, घोट्याला घोटा लावतात आणि दुपटं असं आवळतात की वाण्याच्या पुडीनं लाजावं. "नहीं तो टाँगें टेढ़ी रह जाएँगी." ही म्हणते, आपली दोन्ही पोरं अशीच वाढली. मला तर बघायलाच आवडतं. सुतळी नाही, पिन नाही, आणि सुटायचं नाव नाही. पॅकिंग असावं तर असं.

२६ डिसेंबर

पॅकिंगचं वरचं वाक्य मागे घेतो.

पाच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी दुपटं उलगडलं आणि आधी अम्मांची चौकशी केली, "कोण बांधतं हे?" आम्ही तिघंही छताकडे बघत होतो. मग त्यांनी रेवाचे गुडघे दुमडून मांड्या हळूच बाहेर फाकवून पाहिल्या, एकदा डावी, एकदा उजवी. आत 'खट' असं काही लागतं का ते बघतात. लागलं नाही.

मला समजलं ते असं. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. तान्ह्या बाळाची ती वाटी मऊ असते, उथळ असते. पाय दुमडून बाहेर पडलेले राहिले की गोळा वाटीत नीट बसतो आणि वाटी त्याच्याभोवती घडत जाते. पाय सरळ ओढून आवळले की गोळा बाहेर सरकू बघतो. रेवाच्या बाबतीत तर तीन गोष्टी एकत्र आल्यात: मुलगी, पहिलटकरणीची, आणि पायाळू. म्हणून सहा आठवड्यांनी खुब्यांची सोनोग्राफी.

लेकीनं घरी आल्यावर जपानचं काढलं. तिथेही बाळांचे पाय सरळ बांधायची रीत होती. १९७५ च्या सुमारास देशभर सांगितलं गेलं की असं बांधू नका. शंभरात एक ते साडेतीन बाळांचा खुबा निखळत होता, तो आकडा हजारात दोनच्या खाली आला. यावर ही म्हणाली, "जपानात बाळंतिणीला शेकशेगडी तरी असते का?" याला उत्तर नव्हतं.

पण रात्री ही बराच वेळ जागी होती. मग अंधारातच म्हणाली, "आपल्या संजूला काही झालं नाही ना हो?" संजू एकेचाळीस वर्षांचा आहे, दर रविवारी क्रिकेट खेळतो.

अम्मांशी बोलणी मी केली. भाव पाडायची सवय आहे. म्हटलं, अम्मा, कमरेच्या वरचं सगळं तुमचं, खालचं डॉक्टरांचं. मालीश तुमची, पण बांधणार मी. त्या हसल्या, पण चिडल्या नाहीत.

आता मी बांधतो ते असं. दुपटं पतंगासारखं पसरायचं, वरचं टोक आत दुमडायचं. त्या घडीवर रेवाचे खांदे, मान घडीच्या वर, म्हणजे कापड तोंडावर चढत नाही. एक हात अंगाशी, त्यावरून कापड नेऊन पाठीखाली खोचायचं. मग दुसरा हात, दुसरी बाजू. छातीवर माझी दोन बोटं सरकली पाहिजेत. आणि खालचं टोक, इथेच तर माझी सगळी उमर चुकली, ते ओढायचंच नाही. पाय आत दुमडून बाहेर पडतील एवढी पिशवी सोडायची. आमच्या भाषेत, वर माप, खाली झोळ. चार दिवस माझे हात खालचं टोकही ओढत होते. तागा गुंडाळताना सैल सोडला तर शेठजी ओरडायचे, ते हाताला अजून ऐकू येतं.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गुंडाळलेलं बाळ नेहमी उताणंच झोपवायचं, कुशीवर नाही. आणि हिनं खास भरलेली राईची उशी काढून टाकायची. दुसऱ्या गोष्टीवरून घरात दोन दिवस अबोला. रात्री आठ-नऊ डिग्री असते, तर स्वेटर, त्यावर दुपटं, त्यावर गोधडी असा ढीग व्हायचा. तोही गेला. हात गार लागले म्हणून बाळ गारठलं असं नाही, मानेच्या मागे हात घालून बघायचं. परवा घातला तर घाम.

२२ जानेवारी

सोनोग्राफी झाली. दोन्ही खुबे व्यवस्थित. हिनं खजराना गणपतीला पाच नारळ बोलले होते, हे मला आजच कळलं.

१२ फेब्रुवारी

रेवा संध्याकाळी सहा ते आठ रडते. कडेवर घेऊन फेऱ्या मारायच्या, आणि माझा डावा खांदा आता खांदा उरलेला नाही. डॉक्टर म्हणाले, वजन छान वाढलंय, कापडात बांधून घ्या.

इंग्रजीत याला रॅप म्हणतात आणि किंमत वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. कापड किती? साडेचार मीटरच्या थोडं वर. म्हणजे आपली पाचवारच की! पाच वार म्हणजे चार मीटर सत्तावन्न सेंटीमीटर. पण साडी चालणार नाही. हिची माहेश्वरी बांधून बघितली. जिवाला लागेल इतकी सुंदर, पण सुताबरोबर रेशीम असल्यामुळे गाठ सरकते. जॉर्जेट, सिंथेटिक तर विचारूच नका. घट्ट विणीचं, धुऊन मऊ झालेलं सुती पाहिजे, जे उभं-आडवं ताणलं तर जागचं हलत नाही, पण तिरपं ओढलं तर थोडं देतं. त्या तिरप्या लवचिकतेवरच बाळ बसतं. असं हातमागाचं कापड जुन्या ओळखीच्या दुकानात मिळालं. माझ्या पोटाचा घेर बघून सेल्समन पोरानं न विचारता साडेपाच मीटर मोजलं.

सराव पोह्यांच्या पिशवीवर. तीन किलो पोहे छातीशी धरून, कापडाचा मध्य पिशवीच्या पाठीवर, दोन्ही पदर काखेखालून मागे, पाठीवर फुली, खांद्यांवरून पुढे, पुन्हा पिशवीखाली फुली, मागे गाठ. सोडून पाहिलं तर पोह्यांनी मान टाकली. पिशवीचा वरचा भाग दुमडून पुढे. तान्हं बाळ नेमकं हेच करतं, म्हणून सराव पोह्यांवरच करावा, कडक वस्तूवर काही कळत नाही.

कुठे चुकतं ते समोरच्या प्लॉटवर कळलं. तिथे बांधकाम चालू आहे, झाबुआकडच्या बायका कामाला आहेत. त्यातली एक पोराला पाठीला बांधून विटा उचलते. पोर मोठं आहे, मान धरलेली. मी पोह्यांसकट गेटपाशी उभा होतो, ती पाहून इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. मग जवळ येऊन तिनं माझं कापड बोटानं उचललं. "बाबूजी, लटकाओ मत, बैठाओ." कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पसरायचं, ढुंगण खाली, गुडघे वर. बाळ त्यात बसतं. आणि मग एकेक पट्टी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, वेगवेगळी ओढून घट्ट करायची. मी सगळं एकदम ओढत होतो, म्हणून मधले पापुद्रे सैल राहून मान पडत होती.

तोच गुडघा, तोच खुबा. डॉक्टरांनी मांड्या फाकवून दाखवलेलं आणि त्या बाईनं विटांच्या ढिगाशी दाखवलेलं एकच.

संध्याकाळी पलंगाजवळ उभा राहून, लेक समोर हात पसरून, रेवाला पहिल्यांदा बांधलं. मान खाली करून टाळूचा पापा घेता आला म्हणजे उंची बरोबर. नाक मोकळं, हनुवटीखाली माझं एक बोट जाईल एवढी जागा, पाठ आधाराला. सहा वाजून दहा मिनिटांनी रडं थांबलं. सहा वीसला झोपली. मी आठ वाजेपर्यंत उभाच, बसायची हिंमत होईना.

हिनं सवयीनं चहा आणून दिला. तोंडाशी नेला आणि मग दिसलं, कपाच्या बरोबर खाली कोण आहे ते. चहा तसाच थंड झाला.

रंगपंचमी

राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सगळं इंदूर रस्त्यावर. आम्ही घरातच. काल मात्र सकाळी रेवाला बांधून रामबागेत चक्कर मारली, तर चौकडीतला एकजण ओरडला, "आली आली, झाशीची राणी आली!"

घरी येऊन तेच डोक्यात. चित्रातला पाठीला बांधलेला तो दामोदरराव १८५८ साली आठ-नऊ वर्षांचा होता. एवढं पोर म्हणजे वीस किलो तरी. घोडा, तलवार आणि वीस किलो. कुठलं कापड असेल? शेला असेल तर कुठल्या विणीचा? इतिहासकार यावर काही लिहीत नाहीत. पुढे ते दामोदरराव इथे इंदुरातच राहिले आणि १९०६ साली इथेच वारले. त्यांना विचारायला हवं होतं कुणीतरी, गाठ पुढे होती की मागे?

दुपारी ही म्हणाली, खजरान्याचे नारळ राहिलेत, रेवाला बांधून घ्या, स्कूटरवर दहा मिनिटांत जाऊ. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. लेक दारात आडवी उभी राहिली. कापड बाळाला धरतं ते चालणाऱ्या माणसासाठी. स्कूटर पडली तर बाळ आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये. गाडीत ब्रेक लागला तरी तेच. रस्त्यावर अशा किती आया दिसतात, मागे बसलेल्या, ओढणीत बाळ. आता दिसल्या की पोटात गोळा येतो.

नारळ मी एकटाच देऊन आलो.

१३ एप्रिल

अडतीस डिग्री. कापडात दोघंही उकडतो, म्हणून फक्त सकाळी सात वाजता अर्धा तास. रेवाला एक पातळ झबलं, बस. कापड हाच एक कपडा धरायचा.

काल रात्री ती उताण्यावरून कुशीवर गेली. पूर्ण नाही, अर्धीच, आणि तिथेच अडकून चिडली. लेकीनं लगेच सगळी दुपटी पाळण्यातून काढली. वळायला लागलं की गुंडाळणं बंद, त्याच दिवशी. पालथी पडली आणि हात बांधलेले असले तर तोंड वर करता येणार नाही. मी म्हटलं, आजची रात्र तरी? नाही म्हणाली. मग रात्रभर रेवाही जागी, आम्हीही. दुपटी आता लाळ पुसायला.

१४ एप्रिल

परवा लेक पुण्याला जाणार. जावई घ्यायला येतायत. माझं कापड साडेपाच मीटरचं, तिला ते लांब पडतं, गाठ बांधून पदर पायात येतात. म्हणून सकाळी पलंगावर पसरलं आणि जुन्या मीटरपट्टीनं मोजलं, चार मीटर साठ. काठाला चीर दिली, दोन्ही हातांत धरलं आणि फाडायच्या आधी पाळण्याकडे पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा, बाहेर जाऊन फाडा."

पण तोवर टर्रकन गेलंच.

रेवाचे हात जागच्या जागी राहिले. तिनं मान वळवली आणि कापडाकडे बघत बसली.