मीटर बारा दाखवत होता, मोटर हलत नव्हती

तीन दिवसांच्या फेरीत दुसऱ्या दुपारपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. कच्चा रस्ता, धूळ, दोनदा चुकलेली वाट. मग नदीपात्रात उतरणारा खडकाळ उतार आला. गाडी थांबवली, गिअर न्यूट्रलला घेतला आणि नॉब फोर-लोवर (चारही चाकांना ताकद, गती कमी) फिरवला. एरवी खालून घुर्रर्र आणि मग खट् असा आवाज येतो. या वेळी नुसतं बारीक टिक. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत राहिला आणि गाडी टू-हायमध्येच (दोनच चाकांना ताकद).

"मोटर गेली," सोबती म्हणाला. पण ट्रान्स्फर केसची, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची, शिफ्ट मोटर (नॉब फिरवला की पेटीतले गिअर बदलणारी) महिन्यापूर्वीच बदलली होती. तक्रार हीच होती, दिवाही असाच लुकलुकायचा. मेकॅनिकनं मीटर लावून "सप्लाय बरोबर आहे, मोटर खराब" असं सांगितलं आणि मी मान डोलावली होती. मधले काही दिवस नीट चाललं होतं, म्हणून शंकाही आली नव्हती.

काही उघडण्याआधी चाकांना दगड लावले. यात आळस करू नका. मोटर काढून तिच्यामागचा गिअर बदलणारा शाफ्ट हलवताना ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये जाऊ शकते, आणि मग गाडी पार्कमध्ये असो वा पहिल्या गिअरमध्ये, उतारावर ती निघतेच. हँडब्रेकही ओढून ठेवा.

ते टिक मात्र कामाचं निघालं. तो कंट्रोल मॉड्यूलमधल्या (नॉबचा हुकूम घेऊन मोटरला वीज देणाऱ्या डब्यातल्या) रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, आवाज होता. म्हणजे नॉबचा हुकूम पोचत होता आणि मॉड्यूलला तो मान्यही होता. गाडी न्यूट्रलमध्ये नसेल, चालत असेल किंवा बॅटरी उतरलेली असेल तर बरीच मॉड्यूल हुकूमच नाकारतात. तेव्हा आवाजच आला नाही तर आधी या गोष्टी आणि फ्यूज बघा, गाडीखाली नंतर शिरा.

आमच्या मोटरकडे दोन जाड वायरी जातात आणि काही बारीक. जाड वायरींतून मोटर फिरते; प्रवाहाची दिशा उलटली की फिरण्याची दिशा उलटते. बारीक वायरी मोटर कुठे पोचली ते मॉड्यूलला सांगतात. त्यांना चुकूनही बॅटरीचे १२ व्होल्ट देऊ नका, सेन्सर जळेल.

मॉड्यूलच्या जाड सप्लायवर मीटर लावला: १२.४ व्होल्ट. मग त्याची अर्थ वायर, म्हणजे चेसिसला जोडलेली परतीची वायर, तपासली: साधारण १ ओहम. "बघ, सगळं ठीक," सोबती म्हणाला, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मोटरच्या अंगावर हातोडीच्या दांड्यानं दोन टपल्या मारल्या. ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) अडकला असेल तर एवढ्यानंही मोटर जागी होते. ती झाली नाही.

मग बोल्ट सोडवून मोटर खाली उतरवली आणि जाड पिनांना बॅटरीचा क्षणभर झटका दिला. मोटर मजेत फिरली. वायरी उलट्या केल्या तर उलटी फिरली. (हे केसवर बसवलेल्या मोटरवर करू नका. टोकाला पोचल्यावर थांबवायला कोणी नसतं, आतले गिअर तुटतात.) थोडक्यात, माझा महिन्यापूर्वीचा खर्च फुकट गेला होता.

मोटर पुन्हा जोडली आणि मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी मॉड्यूलच्या जाड अर्थ वायरवर ठेवली. नॉबला हात लावण्याआधी शून्य. सोबत्यानं नॉब फिरवला आणि आकडा ७ व्होल्टवर उडाला. तो तिथे ०.२ च्या आसपास राहायला हवा. गोम त्या १ ओहममध्येच होती. मोटर चालू नसते तेव्हा तारेतून प्रवाह जवळपास नसतोच, म्हणून मीटर पूर्ण बारा दाखवतो. मोटरनं ७ अँपिअर ओढले की ७ व्होल्ट त्या खराब सांध्यातच खर्च होतात, आणि उरलेल्या पाचात बिचारी मोटर काय हलणार! मीटर नसेल तर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब वापरा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे सांधा खराब असेल तर नेहमीपेक्षा मंद पेटतो.

अर्थचा तो बोल्ट चेसिसवर चिखलाआड सापडला. रिंगखाली हिरवट भुगा होता. पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला, आवळला, वर ग्रीस चोपडलं. घुर्रर्र, खट्. दिवा स्थिर.

सांधा सापडला नसता तरी आम्ही अडकलो नसतो. मोटर उतरवल्यावर शाफ्ट पक्कडीनं हळूहळू फिरवून फोर-लोत नेता येतो. फक्त मोटर परत बसवताना तिची आणि शाफ्टची जागा जुळायला हवी. जुळत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका.

पलीकडे कडक जमिनीवर टू-हाय लागेना, तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला. पण हा विजेचा दोष नव्हता. पुढच्या-मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टना पीळ बसला होता. चार मीटर सरळ मागे घेतली आणि खट् झालं.

परतल्यावर काढून ठेवलेली जुनी मोटर बॅटरीला लावून पाहिली. झकास फिरली. आता ती डिकीत असते, आणि तिच्याशेजारी बल्ब, पॉलिश पेपर आणि तीन मीटर जाड वायर.