दुर्बिणीच्या दोन्ही टोकांना

मावशींना टीबीच्या गोळ्या सुरू होऊन तिसरा महिना लागला होता आणि खोकला होता तिथंच होता. बेडका दोनदा तपासला, दोन्ही वेळा जंतू नाहीत. तरी कुणीतरी ‘फोटोत डाग आहे’ एवढ्यावर गोळ्या चालू करून दिल्या होत्या. मी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. डाग उजव्या बाजूला, खाली, तसूभरही हललेला नाही. सीटी केला तर उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीच्या खालच्या फांदीत काहीतरी अडलेलं दिसलं. गाठ असावी, असंच मलाही वाटलं. श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा काढायचा, तपासायला पाठवायचा, असं ठरलं.

मुलानं मला दाराबाहेर गाठलं. “मॅडम, तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात.” हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. नाही पसरत. दुर्बिणीतून घेतलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो आणि तो घेतल्याशिवाय औषध कशावर द्यायचं तेच कळत नाही.

मी सोलापूरची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील मागावर होते, आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओली पानं आणि तंबाखू, मजुरी हजार विड्यांवर. त्या वासातच माझा बारावीचा अभ्यास झाला. म्हणून मी छातीची डॉक्टर झाले असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण खरं नाही. मला मेडिसिन हवं होतं, मार्कांत हे मिळालं. आत्या अजून ‘टीबीची डॉक्टरीण’ म्हणूनच ओळख करून देते.

एमडीच्या दुसऱ्या वर्षी मलाच टीबी झाला. संध्याकाळचा ताप, वजन पाच किलो खाली, बेडक्यात काही सापडेना. सरांनी सांगितलं, दुर्बीण घालू. तोवर मी स्वतः चाळीसेक जणांना घातली होती. टेबलावर मी झोपले तेव्हा कळलं, की त्या चाळीस जणांना महत्त्वाची गोष्ट मी सांगितलीच नव्हती.

ती गोष्ट अशी. घशात बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा मारतात. कडू जहर. दोन मिनिटांत जीभ जड होते आणि घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, गिळता येत नाही असं वाटतं. मग माणूस घाबरतो, हात झटकतो. मीही झटकला. खरं तर श्वास चालूच असतो, फक्त तो जाणवणारी जागा बधिर झालेली असते. दुर्बीण पाच-सहा मिलिमीटरची, करंगळीपेक्षा बारीक. श्वासनलिका तिच्या तिप्पट तरी रुंद. बाजूनं हवा जात राहते, नाकाला ऑक्सिजन असतो, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. हे मला पाठ होतं, तरी मी घाबरले.

तेव्हापासून मी हे आधी सांगते. मावशींनाही सांगितलं. “गोळा वाटेल, पण तो नसतो. खोकला आला तर खोका. बोलायचं नाही, काही झालं तर डावा हात वर.” त्या म्हणाल्या, “व्हय, शाळेत करत होते तसा.”

सकाळची गंमत वेगळीच. सहा तास काही खायचं नाही म्हणून बजावलं होतं. “काही नाही खाल्लं बाय. निस्ता चहा घेतला आन् मिश्री लावली.” चहा कुणीच खाण्यात धरत नाही. पण दुधाचा चहा पोटात असताना गुंगी दिली आणि उलटी छातीत गेली, तर भलतंच होऊन बसायचं. दुपारवर ढकललं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दम्याचा पंप आणलाय का, कवळी काढली का, हेही तेव्हाच विचारून घेतलं. कवळी होती. कमरेला चंचीही होती. ती मुलाकडे दिली.

स्वरतंतूंच्या पलीकडे श्वासनलिका, दहा-बारा सेंटिमीटरवर तिचे दोन फाटे. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ उभा, म्हणून ठसक्यात गेलेली वस्तू बहुधा उजवीकडेच जाते. खाली पोचले तर लालबुंद सुजलेलं मांस आणि त्यात रुतलेलं काहीतरी तपकिरी. मांसाला चिमटा लागला तसं जरा रक्त आलं. थंड सलाईन सोडलं, थांबलो. धुऊन पाहिलं तर कडेला पांढऱ्या रेषा. अडकित्त्यानं कातरलेली सुपारी!

ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तारेच्या जाळीत धरली. दुर्बिणीच्या आतली वाट जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची, तिच्यातून सुपारी निघत नाही. जाळी, सुपारी, दुर्बीण सगळं एकदमच बाहेर ओढायचं, आणि स्वरतंतूंपाशी ती सुटली तर पंचाईत. सुटली नाही. सिस्टरनी ट्रेमध्ये टाकली तेव्हा टक् असा आवाज आला. मांसाचाही एक तुकडा तपासायला पाठवला. नुसती सूज निघाली.

१८९७ साली जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्ताव किलियाननं एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून डुकराचं हाड असंच काढलं होतं, सरळ ताठ नळी घालून. वाकणारी दुर्बीण आणली जपानच्या शिगेतो इकेदांनी, १९६६ मध्ये. त्यांना तरुणपणी टीबी झाला होता. हे वाचलं तेव्हा मी माझ्या सहा महिन्यांच्या गोळ्या संपवत होते. बरं वाटलं होतं, एवढं कबूल करते.

भूल उतरेपर्यंत दोन तास पाणीसुद्धा नाही. थुंकीत रक्ताची रेघ, संध्याकाळी कणकण, हे चालतं. रक्त वाढलं, दम लागला, छातीत दुखलं तर लगेच या. मुलानं हे लिहून घेतलं. मावशींना घोगऱ्या आवाजात वेगळंच विचारायचं होतं. भजनात हसताना ठसका लागला होता, दिवाळीच्या आधी. तीच का ही?

“सुपारी कुणी दिली होती म्हणायची, आई?” मुलगा म्हणाला.

“माझी मीच.”

टीबीच्या गोळ्या बंद केल्या. सुपारी एका बाटलीत घालून मागितली त्यांनी, जावेला दाखवायला. दिली. दोन महिन्यांनी फोटो जवळजवळ स्वच्छ, खोकला नाही. पण कमरेला चंची होतीच. मी नुसतं बोट दाखवलं.

“आता कुटून खाते की, बाय.”