द्राक्षाच्या हंगामातला दवाखाना

जानेवारीत निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षाची काढणी सुरू झाली की माझ्या नाशिकच्या इंदिरानगरातील दवाखान्यात उलट्या करणारी कुत्री येतात, आणि त्यांपैकी काहींच्या उलट्यांचे मूळ त्या काढणीतच असते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, ही गोष्ट पशुवैद्यकांना ठाऊक असली तरी ज्या जिल्ह्यात पाहुणा निघताना त्याच्या हातात द्राक्षाची पेटी ठेवली जाते, तेथील घरांत ती फारशी पोहोचलेली नाही.

अशा वेळी निदानाची सुरुवात तपासणीच्या टेबलावर होत नाही, तर प्रश्न विचारण्यातून होते, आणि तो प्रश्न नेमका असावा लागतो. ‘काही वेगळं खाल्लं का?’ असे विचारले तर ‘नाही डॉक्टर, घरचंच खातो तो’ हेच उत्तर मिळते, आणि ते देणारा खोटे बोलत नसतो. ज्या घरात तीन महिने द्राक्षांची टोपली ओट्यावर असते, तेथे द्राक्ष हे ‘वेगळे’ कसे वाटावे? म्हणून आम्ही हंगामात प्रत्येकाला थेट विचारतो की, घरात द्राक्षे होती का, बेदाणे कुठे ठेवलेले आहेत, मुलांनी हातातले काही दिले का, बागेत विरळणीचे किंवा गळालेले मणी पडलेले आहेत का. विचारताना आवाजात दोषाचा लवलेशही येऊ नये, याबद्दल मी माझ्या सहकाऱ्यांना फार आग्रहाने सांगत असते, कारण आजीने नातवाबरोबर कुत्र्यालाही चार मणी भरवले असतील तर ते प्रेमानेच भरवलेले असतात, आणि आपल्यावर ठपका येईल असे वाटले की माणूस नेमका तोच तपशील गाळतो.

किती मणी खाल्ले तर धोका, याचे खात्रीचे उत्तर नाही. एखादे कुत्रे मूठभर खाऊनही ठणठणीत राहते, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे त्याहून कमी प्रमाणातही निकामी होऊ लागतात. 2021 मध्ये अमेरिकेतील विषबाधातज्ज्ञांनी असे मांडले की, यामागे द्राक्षातील टार्टारिक आम्ल असावे. त्याचे प्रमाण वाण आणि पक्वता यांनुसार बदलते, आणि त्यामुळेच परिणामाचा अंदाज बांधता येत नाही. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, त्यामुळे चिंचेचा कोळही कुत्र्याच्या तोंडी लागू नये, असे मी आता सांगते. बेदाण्यात पाणी उडून गेलेले असल्याने सगळे एकवटलेले असते. वजनाला वजन धरले तर तो द्राक्षापेक्षा अधिक धोक्याचा.

पहिली उलटी बहुतेक वेळा बारा ते चोवीस तासांच्या आत होते. त्यानंतर प्राणी मलूल होतो, खाणे सोडतो, आणि पुढच्या एकदोन दिवसांत रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक, चढू लागते. खाल्ल्यानंतर दोनएक तासांत आणले तर औषधाने उलटी करवून बराचसा ऐवज बाहेर काढता येतो. उशीर झाला असला तरीही आणावे, कारण द्राक्षे पोटात बराच वेळ रेंगाळतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. रक्तातील सोडियम वाढून त्यानेच जीव जाऊ शकतो. दवाखान्यात आम्ही किमान अठ्ठेचाळीस तास शिरेतून सलाईन देतो, रोज क्रिएटिनिन तपासतो आणि लघवी किती होते यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. लघवी थांबली तर परिस्थिती फार कठीण होते.

कांद्याचे दुखणे निराळ्या वाटेने जाते. लासलगावचा बाजार ज्या जिल्ह्यात आहे तेथे कांद्यावाचून भाजी नाही, आणि उरलेली भाजी-पोळी कालवून कुत्र्याला घालणे ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने त्यांचा हा गुण जात नाही. परिणाम दिसायला तीनचार दिवस लागतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, लघवी तांबूस किंवा तपकिरी होते, आणि तोपर्यंत ती भाजी कोणाच्या लक्षातही राहिलेली नसते. म्हणून येथे कालच्या नव्हे, आठवड्याच्या जेवणाची चौकशी करावी लागते. मांजरांचे हिमोग्लोबिन अशा आघातापुढे अधिक दुबळे असते, त्यामुळे त्यांना कांदा कुत्र्यांपेक्षाही कमी प्रमाणात बाधतो.

दवाखाना चालवण्याच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ असा की, फोन घेणाऱ्या व्यक्तीलाही प्रशिक्षण द्यावे लागते. प्राण्याचे वजन, काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले, या तीन गोष्टी फोनवरच लिहून घेतल्या की पेशंट पोहोचेपर्यंत औषधाची मात्रा ठरलेली असते. आणखी एक बाब म्हणजे खर्च. दोन-तीन दिवसांचे सलाईन आणि रोजच्या तपासण्या यांचा अंदाज मी पहिल्याच तासात कागदावर लिहून देते, कारण बिलाच्या धास्तीने उपचार अर्ध्यावर सोडून प्राण्याला घरी नेले जाण्यापेक्षा ते बोलणे आधीच झालेले बरे. ज्यांना एकरकमी देणे जमत नाही त्यांना हप्ते पाडून देते. बागायतदाराचा पैसा माल गेल्यावरच हाती येतो, हे नाशिककर डॉक्टरला वेगळे सांगावे लागत नाही.

बागेत राखणीला कुत्री ठेवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच असते की, काढणीच्या दिवसांत त्यांना सकाळी पोटभर खायला घालावे, खाली पडलेले मणी आणि घड त्याच दिवशी उचलून कुंपणाबाहेर पुरावेत, आणि बेदाण्याच्या शेडकडे त्यांना मोकळे सोडू नये. दिंडोरीकडचे काही शेतकरी आता हे नेमाने करतात, आणि एखादे कुत्रे उलटी करताना दिसले की वाट न पाहता त्याला गाडीत घालून थेट दवाखान्यात घेऊन येतात.